मुलांच्या ताब्याचं ठरलेलं कोर्टात पक्कं कसं करायचं

नवराबायको वेगळं व्हायचं ठरवतात. भांडण फारसं नसतं. मुलगी शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार वडिलांकडे, दिवाळी निम्मी-निम्मी, एवढं ठरतं. स्टॅम्प पेपरवर लिहिलं जातं, नोटरी होते, एका बाजूने मामा आणि दुसऱ्या बाजूने काका साक्षीदार म्हणून सह्या करतात. चार महिने सुरळीत जातात आणि एका शनिवारी मुलगी पाठवली जात नाही. वडील तो कागद घेऊन पोलीस ठाण्यात जातात. तिथे उत्तर मिळतं की हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. कोर्टात वकील सांगतात की या कागदाची अंमलबजावणी होत नाही, आधी दावा करावा लागेल. म्हणजे जे ठरलं असं वाटत होतं, ते कायद्याच्या लेखी ठरलेलंच नव्हतं.

याचं कारण असं. मुलाचा ताबा हा आईवडिलांमधला देण्याघेण्याचा व्यवहार नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम १३ सांगतं की सगळ्यात वर मुलाचं हित. ते हित कशात आहे हे शेवटी कोर्ट ठरवतं, म्हणून आईवडिलांचा खासगी करार कोर्टाला बांधत नाही. शिवाय बेलीफ, म्हणजे कोर्टाचा बजावणी करणारा कर्मचारी, बजावायला निघतो तो कोर्टाचा हुकूम किंवा हुकूमनामा (डिक्री). नोटरीचा कागद बजावायची सोयच नाही. गावाकडे चार पंच बसवून फारकतनामा लिहितात आणि त्यातच ‘मुलगा बापाकडे राहील’ अशी ओळ घालतात, तिचीही गत हीच. जमातीची रूढी सिद्ध झाली तर फारकत टिकू शकते, मुलांबद्दलची ओळ मात्र कोर्टावर बंधनकारक होत नाही. पालकत्वाचा वाद खासगी लवादाकडेही नेता येत नाही. तरी असा कागद फाडून टाकू नका. दोघांनी कोणत्या तारखेला काय कबूल केलं होतं याचा तो पुरावा आहे.

कोणत्या दाराने जायचं

घटस्फोट दोघांनाही हवा असेल आणि लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल, तर कलम १३ ब खाली संमतीचा अर्ज करतात आणि मुलांच्या शर्ती त्याच अर्जात घालतात. त्या कायद्याचं कलम २६ मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांबद्दल हुकूम करण्याचा अधिकार देतं. अर्ज चालू असतानाही आणि निकालानंतरही. विशेष विवाह कायद्यात हेच काम कलम ३८ करतं, ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्याची कलमं ४१ ते ४४.

घटस्फोट इतक्यात नको असेल, किंवा एकाला हवा आणि दुसऱ्याला नको असेल, तर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली नुसत्या ताब्याचा अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालयाच्या बोलीत ही ‘डी पिटिशन’. धर्म कोणताही असो, हा कायदा चालतो. मुस्लिम कुटुंबांतही ताब्याचा अर्ज याच कायद्याखाली होतो. हिजानत, म्हणजे लहान वयात मूल सांभाळण्याचा आईचा हक्क, कोर्ट विचारात घेतंच, पण तिथेही मुलाच्या हिताची कसोटी लागते. ‘आधी घटस्फोट होऊ दे, मग मुलांचं बघू’ हा सल्ला अनेकदा दिला जातो. तो ऐकू नका. निकाल लागेपर्यंतच्या काळात मूल ज्याच्याकडे रुळतं, पुढचा हुकूम बहुधा तिकडेच झुकतो.

१३ ब च्या अर्जात एक खड्डा आहे. तिथे अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं असतं. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून कोर्ट हा काळ माफ करू शकतं, पण तो आपोआप माफ होत नाही. या सहा महिन्यांत तुमच्या हातात अंतिम हुकूम नसतो. त्यातून एकाने मध्येच संमती काढून घेतली तर सगळा अर्जच पडतो आणि मुलांच्या शर्तीही त्याच्याबरोबर जातात. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुरेष्टा देवी खटल्यात सांगितलेलं आहे. म्हणून दोन गोष्टी करा. अर्ज दाखल करताना त्याच दिवशी कलम २६ खाली अंतरिम अर्ज द्या आणि ठरलेलं वेळापत्रक अंतरिम हुकूम म्हणून मागा. आणि दुसऱ्या बाजूच्या मनाची खात्री नसेल तर १८९० च्या कायद्याखालचा अर्ज वेगळा ठेवा, म्हणजे घटस्फोट फिसकटला तरी मुलांचा हुकूम उभा राहतो.

घरात मारहाण असेल, मुलावर हात उचलला जात असेल, तर संमतीच्या कागदाच्या मागे लागू नका. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ खाली न्यायदंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेटीमुळे मुलाला धोका असेल तर भेट नाकारूही शकतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बाईला आणि मुलाला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुरुषाला उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असल्यास.

कोणतं कोर्ट, आणि निपाणीचा प्रश्न

१८९० च्या कायद्याचं कलम ९ म्हणतं, मूल सामान्यतः जिथे राहतं तिथलं कोर्ट. कोल्हापुरात कौटुंबिक न्यायालय आहे. तुम्ही शहराबाहेरचे, म्हणजे गडहिंग्लज, शाहूवाडी, शिरोळकडचे असाल तर तुमचं गाव त्याच्या हद्दीत येतं की वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात किंवा जिल्हा न्यायालयात जायचं, हे अर्ज टाइप करण्याआधी फाइलिंगच्या खिडकीवर विचारून घ्या. चुकीच्या कोर्टात अर्ज गेला तर तो परत मिळेपर्यंत महिने जातात.

आपल्याकडे सोयरिकी कर्नाटकात पसरलेल्या आहेत. आईचं माहेर निपाणी, संकेश्वर किंवा बेळगाव, आणि मूल सुट्टीला गेलं ते तिकडेच शाळेत घातलं, हा प्रसंग इथे नवा नाही. अशा वेळी ‘सामान्यतः राहतं’ म्हणजे कुठे, यावरच पहिली लढाई होते. शाळेचं बोनाफाइड, हजेरी, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरची चिठ्ठी ही कागदपत्रं त्या लढाईत उपयोगी पडतात. ती आत्ताच गोळा करा. बरोबर मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, दोघांच्या राहत्या पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र लागेल. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने मालमत्ता-देण्यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना ठरवून दिला आहे, आणि पोटगीचा मुद्दा असेल तिथे तो भरावाच लागतो.

शर्ती लिहिताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक शर्तीला एकच कसोटी लावा: हा कागद एखाद्या अनोळखी बेलीफाच्या हातात दिला, तर कोणाला विचारल्याशिवाय त्याला कळेल का, की कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, कोणी, कोणाच्या हाती मूल द्यायचं? कळत नसेल तर ती शर्त बजावता येणार नाही.

कागदोपत्री नेहमी दिसणारी ओळ अशी: ‘वडिलांना मुलास भेटण्याचा वाजवी अधिकार राहील.’ यात बजावण्यासारखं काही नाही. वाजवी म्हणजे किती, हा नवा वाद त्याच दिवशी सुरू होतो. हीच शर्त अशी लिहा:

‘अर्जदार क्र. २ (वडील) हे प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० वाजता कु. ... हिला अर्जदार क्र. १ (आई) यांच्या राहत्या इमारतीच्या मुख्य फाटकातून घेतील व लगतच्या रविवारी सायंकाळी ६ वाजता त्याच ठिकाणी आणून सोडतील. अर्जदार क्र. २ स्वतः येऊ न शकल्यास मुलीची आत्या श्रीमती ... यांच्याकडे मुलगी सोपवली जाईल. अन्य कोणाकडे नाही. ४५ मिनिटांपेक्षा अधिक उशीर झाल्यास त्या वेळची भेट रद्द समजली जाईल. अर्जदार क्र. १ यांच्या कारणाने भेट न झाल्यास तेवढ्याच तासांची भेट लगतच्या शनिवारी-रविवारी आपोआप दिली जाईल.’

दुसरा-चौथा शनिवार अशासाठी की बँकेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी असणाऱ्याला त्या दिवशी सुट्टी असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणाऱ्याची साप्ताहिक सुट्टी रविवारीच पडेल असं नाही. त्याच्यासाठी सुट्टीचा खरा वार लिहा, आणि शिफ्ट बदलली तर किती दिवस आधी, कोणत्या नंबरवर मेसेज करायचा तेही लिहा.

जागेबद्दल. ‘रंकाळ्यावर भेट होईल’ असं लिहू नका. रंकाळ्याला फेरी मारायला अर्धा-पाऊण तास लागतो. एक जण चौपाटीवर, दुसरा संध्यामठाच्या बाजूला, आणि मग ‘तू आलीच नाहीस’, ‘तू आला नाहीस’ असं दोघंही खरं बोलत राहतात. महाद्वार रोडवरचं दुकान नवरात्रात ठेवू नका. गर्दीत तिथे गाडी पोहोचत नाही. घराचं फाटक उत्तम. तणाव असेल तर शाळेचं गेट: शुक्रवारी शाळा सुटताना एकाने घ्यायचं आणि सोमवारी शाळा भरताना तिथेच सोडायचं, म्हणजे दोघं समोरासमोर येतच नाहीत. त्यासाठी हुकुमाची नक्कल मुख्याध्यापकांना द्यावी लागते. पहिल्या दोन-चार भेटी कोर्टाच्या समुपदेशकांच्या कक्षात मागता येतात. पोलीस ठाणं ही जागा मात्र कोणी सुचवली तरी नाकारा. मुलाच्या मनात वडिलांना किंवा आईला भेटणं आणि पोलीस हे एकत्र बसू देऊ नये.

पावसाळ्याची शर्त कोल्हापूरकरांनी घालायलाच हवी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद पडला होता. ‘पुरामुळे रस्ता बंद असल्यास भेट रस्ता सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी-रविवारी होईल, आणि त्या काळात रोज रात्री ८ ते ८.२० व्हिडिओ कॉल होईल’ एवढी ओळ पुरते. ती नसेल तर भेट चुकवल्याचा आरोप पुराच्या पाण्यातही होतो.

व्हिडिओ कॉलचं नुसतं ‘फोनवर बोलू द्यावं’ करू नका. वार, वेळ, कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरवर, आणि फोन कोण लावणार हे लिहा. २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेटीपलीकडे असा संपर्काचा हक्कही मान्य केला आहे, तेव्हा कोर्ट तो द्यायला कचरत नाही.

सणांत तारखांचा घोळ होतो. तिथी पंचांगाप्रमाणे हलते आणि एखाद्या वर्षी दोन कॅलेंडरांत दोन दिवस छापलेले असतात. ‘सणाची तारीख त्या वर्षीच्या शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीप्रमाणे धरली जाईल’ असं एकदा लिहून टाका. मग वाटणी सम-विषम वर्षांवर करा. गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी ६ पासून गौरी विसर्जनापर्यंत सम वर्षी आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. दिवाळीचे दोन तुकडे पाडा: लक्ष्मीपूजनाच्या रात्रीपर्यंतचा एक, पाडव्यापासून भाऊबीजेपर्यंतचा दुसरा, आणि दरवर्षी अदलाबदल. दोन मुलं दोघांकडे विभागलेली असतील तर भाऊबीज आणि राखीपौर्णिमेला दोघं एकत्र असतील ही शर्त वेगळी घाला. ती विसरली जाते आणि मुलांना तीच सगळ्यात जास्त लागते. कुलदैवत जोतिबा असेल तर चैत्र पौर्णिमेची यात्रा, जावळ, मुंज यांसाठी ‘पंधरा दिवस आधी लेखी कळवून एक दिवस जादा’ अशी सोय ठेवा. उन्हाळी आणि दिवाळी सुट्टीच्या तारखा हुकुमात घालू नका. ‘शाळेच्या परिपत्रकाप्रमाणे सुट्टीचा पहिला अर्धा’ असं लिहा, कारण मूल राज्य मंडळाच्या शाळेतून सीबीएसईत गेलं की सगळं वेळापत्रकच सरकतं.

वयाप्रमाणे शर्ती टप्प्यांत लिहा. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे, असं १९५६ च्या कायद्याचं कलम ६ म्हणतं. पण मूल सहा वर्षांचं झालं की पुन्हा कोर्टात जावं लागू नये. म्हणून आत्ताच लिहा: तीन वर्षांपर्यंत दर शनिवारी दोन तास, तीन ते पाच, दिवसभर, पाच पूर्ण झाल्यावर एक रात्र, आठनंतर उन्हाळ्यात सलग पंधरा दिवस. आकडे तुमच्या मुलाला बघून ठरवा. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी रात्रीचा मुक्काम मागणं आणि दहा वर्षांच्या मुलाला दोन तासांवर ठेवणं, दोन्ही कोर्टाला पटत नाहीत.

निपाणीचं पुन्हा. ‘मुलाला महाराष्ट्राबाहेर नेणार नाही’ असं सरसकट लिहून मोकळे होऊ नका. मग आजीकडे एका दिवसासाठी गेलं तरी हुकूमभंग. ‘सलग दहा दिवसांपेक्षा जास्त जिल्ह्याबाहेर नेताना पत्ता व परतीची तारीख सात दिवस आधी मेसेजने, राहण्याचं ठिकाण किंवा शाळा बदलायची तर ६० दिवस आधी लेखी सूचना, आणि हरकत आल्यास कोर्टाच्या परवानगीशिवाय बदल नाही’ असं लिहा. पासपोर्ट कोण काढणार, कोणाजवळ राहणार, परदेश प्रवासाला दोघांची लेखी संमती, हेही. परदेशात नेलेली मुलं परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग अपहरण करारात भारत नाही, त्यामुळे परदेशात गेलेलं मूल परत आणणं फार जिकिरीचं होतं. ही शर्त मूल इथे असतानाच पक्की करायची असते.

शाळेच्या दाखल्यावर दोघांची नावं, पालकसभेला दोघांनाही मुभा, निकालपत्रक आणि औषधोपचाराचे कागद दोघांनाही, तातडीच्या शस्त्रक्रियेला जो जवळ असेल त्याची संमती पुरेशी: या ओळी छोट्या आहेत, पण घाला.

पैशाची शर्त भेटीपासून तोडून लिहा. रक्कम, महिन्याची ५ तारीख, खात्याचा तपशील, दरवर्षी किती टक्के वाढ, शाळेची फी कोण थेट भरणार. त्याखाली एक वाक्य: ‘पोटगी थकल्यास भेट अडवली जाणार नाही व भेट न मिळाल्यास पोटगी थांबवली जाणार नाही.’ दोन्हींची वसुली वेगळ्या वाटेने होते. यांना एकमेकांत गुंतवलं की दोन्ही बाजू स्वतःला बरोबर समजून हुकूम मोडत राहतात.

काही ओळी घालूच नका: आई पुन्हा लग्न करणार नाही, मुलाच्या पोटगीचा हक्क कायमचा सोडला, यापुढे कोणीही कोर्टात जाणार नाही. पुनर्विवाह रोखणारी आणि कोर्टाची वाट बंद करणारी शर्त करार कायद्याप्रमाणे रद्दबातल, आणि मुलाचा हक्क आईवडील सोडून देऊ शकत नाहीत. अशा ओळी दिसल्या की न्यायाधीश उरलेला कागदही संशयाने वाचतात.

हमी, आणि हुकूमनाम्यात शर्ती येणं

शर्ती तयार झाल्या की तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ प्रमाणे ती लेखी आणि दोघांच्या सहीची हवी. प्रत्येक पानावर सही करा. न्यायाधीश दोघांना समोर उभं करून विचारतात की वाचलं का, समजलं का, दबाव आहे का. मूल जाणतं असेल तर त्याच्याशी दालनात बोलतात. त्याआधी समुपदेशकांसमोर एक-दोन तारखा होतात. तिथे शर्ती सैल करायचा आग्रह झाला तरी तास आणि जागा सोडू नका. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्काने नसतो, परवानगीने असतो, तेव्हा आपल्या शर्ती आपल्याला तोंडपाठ हव्यात. आणखी एक: संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अपील नाही. सही करण्याआधी कागद घरी नेऊन एक रात्र ठेवा आणि शांतपणे वाचा.

पुरसीशीबरोबर दोघांचं प्रतिज्ञापत्र द्या, त्यात स्वच्छ शब्दांत कोर्टाला हमी: ‘मी शर्त क्र. ४ ते १७ चे पालन करीन अशी मा. न्यायालयास हमी देतो/देते.’ आणि ‘हमी स्वीकारण्यात आली’ ही नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या तारखेच्या नोंदीत) आणि हुकुमात येईल असं पाहा. कारण १९७९ च्या बाबूराम गुप्ता निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता संमतीचा हुकूम मोडला आणि कोर्टाला हमी दिलेली नसेल, तर अवमान होत नाही, अंमलबजावणीची वाट धरावी. २००६ च्या रामा नारंग निकालाने ही भूमिका पुष्कळ सैल केली, तरी हमी असली की हा वादच उरत नाही.

मग सगळ्यात जास्त घडणारी चूक. निकालपत्रात शेवटी फक्त ‘अर्ज मंजूर. विवाह विच्छेदित’ एवढंच येतं आणि शर्तींची पुरसीस फाइलमध्ये निशाणी, म्हणजे क्रमांक दिलेला कागद, म्हणून पडून राहते. दोन वर्षांनी अंमलबजावणी मागायला गेलं की समोरचा वकील म्हणतो, हुकूमनाम्यात ताब्याचा शब्दही नाही. ‘निशाणी अमुक येथील तडजोडीच्या शर्ती या हुकूमनाम्याचा भाग राहतील’ हे वाक्य आणि शर्तींची प्रत हुकूमनाम्याला जोडलेली हवी. निकालाच्या दिवशीच वाचा. राहिलं असेल तर लगेच संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. नंतर नक्कल विभागातून किमान चार खऱ्या नकला घ्या: एक स्वतःजवळ, एक शाळेत, एक पासपोर्टसाठी, एक पुढच्या दरखास्तीसाठी, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जासाठी. मुलाचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळते का, तेही बघा.

लोकअदालतीत तडजोड झाली तर तिचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. मुलांच्या शर्ती तिथे घाईने दोन ओळींत उरकल्या जातात, एवढंच सांभाळा. टाइप केलेल्या शर्ती बरोबर घेऊन जा.

हुकूम मोडला तर

पहिल्या चुकलेल्या भेटीपासून वही ठेवा. तारीख, किती वाजता पोहोचलात, किती वेळ थांबलात, काय मेसेज केला, काय उत्तर आलं. ‘येणार नाही’ हे आधीच कळलं तरी ठरल्या वेळी ठरल्या जागी जा. न गेलात तर पुढे ‘हेच आले नाहीत’ असं उत्तर येतं. व्हॉट्सअॅपचे मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो फोन विकू नका आणि चॅट पुसू नका. शाळेतून मूल परस्पर उचलून नेणं, दारात जाऊन आरडाओरडा करणं, पोटगी थांबवणं यांतलं काहीही केलंत तर तुमचा स्वच्छ हुकूम तुम्हीच डागाळता.

दोन-तीन भेटी चुकल्यावर वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पंधरा दिवसांत दरखास्त दाखल करा. कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १८ सांगतं की इथला हुकूमनामा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो. दरखास्तीत हुकूमनाम्याची तारीख, मोडलेल्या शर्तीचा क्रमांक, चुकलेल्या तारखांचा तक्ता आणि नेमकी मदत लिहा: भरपाईच्या भेटी, पहिल्या सोपवणीला बेलीफ किंवा समुपदेशक हजर, गरज पडल्यास पोलीस मदत. आदेश २१ नियम ३२ खाली, पाळता येत असूनही जाणूनबुजून हुकूम न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते किंवा त्याला दिवाणी कैदेत टाकता येतं. कैदेची वेळ क्वचित येते. जप्तीची नोटीस लागली की बहुतेक ठिकाणी मूल ठरल्या वेळी फाटकात येऊ लागतं. पोलीस ठाण्यातही आता वेगळं बोलणं होतं, कारण हातात कोर्टाचा हुकूम असतो.

समोरून येणारं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘मूलच जायला तयार नाही’. कधी ते खरंही असतं. अशा वेळी मुलाला ओढून नेण्याचा हुकूम मागू नका. समुपदेशकांचा अहवाल मागा आणि सुरुवातीला कमी तासांच्या भेटी मागा. दहा दिवस रडणारं मूल तीन भेटींनंतर हसत येतं, हा अनुभव कोर्टालाही आहे.

हमी मोडली असेल तर अवमान याचिका उच्च न्यायालयात होते, आणि भंग झाल्यापासून एका वर्षाच्या आत. न्यायालय अवमान कायदा, १९७१ च्या कलम २० ची ही मुदत चुकवू नका. मूल दडवून ठेवलं असेल तर हेबियस कॉर्पसचीही, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या याचिकेचीही, वाट आहे. ताब्याच्या वादातही ती चालू शकते हे २०१९ च्या तेजस्विनी गौड निकालाने मान्य केलं. या दोन्हींसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणंही इथेच येतात. मूल निपाणी-बेळगावकडे असेल तर संहितेच्या कलम ३९ खाली हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे बजावणीसाठी पाठवून घ्यावा लागतो. इथला बेलीफ सीमा ओलांडून जात नाही.

बदल करायचा तर

ताब्याचा हुकूम दगडावरची रेघ नाही. रोझी जेकब (१९७३) आणि विक्रम वीर वोहरा (२०१०) या निकालांनी हे स्पष्ट केलं आहे की संमतीने झालेला हुकूमही मुलाच्या हितासाठी बदलता येतो. नोकरी पुण्याला गेली, मूल दहावीला आलं, नवीन भावंड आलं, की त्याच कोर्टात बदलाचा अर्ज करा. परिस्थितीत नेमकं काय बदललं हे तारखांनिशी लिहा. ‘आता पटत नाही’ हे कारण पुरत नाही.

दोघांना पटलेला बदल असेल तरी एक सावधगिरी. ‘या महिन्यात दुसऱ्याऐवजी तिसरा शनिवार चालेल का?’ ‘हो’ एवढं एका वेळेपुरतं मेसेजवर चालतं. पण शनिवारचा रविवार कायमचा झाला असेल, किंवा मूल जूनपासून वडिलांकडे राहायला लागलं असेल, तर दोघांच्या सहीची पुरसीस देऊन हुकूम दुरुस्त करून घ्या. नाहीतर वर्षभराने एकाचं बिनसलं की कोर्टापुढे जुनाच कागद येतो, आणि दोघांच्या खुशीने मोडलेला प्रत्येक शनिवार एकाच्या नावावर हुकूमभंग म्हणून मांडला जातो.